टोकियोतील केळ्याची साल



परदेशाहून परतलेल्या माणसाने व्याख्यानात काय सांगावे, हे श्रोत्यांनी आधीच ठरवलेले असते. 2018 साली मी तीन महिने टोकियोला लेकीकडे राहून आलो. पण फुजी पर्वत माझ्या वाट्याला आला तो ढगांत, आणि चेरीचा बहर मी पोचण्यापूर्वीच गळून गेला होता. तेव्हा खात्रीने बोलता येईल असा एकच विषय माझ्याजवळ उरतो. तो म्हणजे टोकियोचा कचरा.

पहिल्याच दिवशी फिरायला निघालो, एक केळे खाल्ले आणि साल हातात धरून पेटी शोधू लागलो. पेटी कोठे दिसेना. कोपऱ्यावर नाही, बागेत नाही. रस्ता तर असा, की त्यावर पंगत मांडावी. मागाहून कळले, 1995 साली तेथील भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी विषारी वायू सोडला, आणि त्यानंतर सार्वजनिक जागांतल्या बहुतेक पेट्या उचलल्या गेल्या. लोकांनी काय केले? आपापला कचरा खिशात घालून घरी न्यावयास सुरुवात केली! मीही साल रुमालात गुंडाळली आणि दोन तासांनी घरी घेऊन आलो. सासुरवाडीचा आहेर आणावा तशी.

पण घरी आणल्याने प्रश्न सुटतो असे नव्हे. लेकीने स्वयंपाकघरात एक तक्ता लावला होता. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. बाटल्या, डबे, कागद यांचे वार निराळे. इतके वार आमच्या आईनेही पाळले नसतील, आणि ती संकष्टीपासून हरतालिकेपर्यंत सारे पाळी. पिशवी ठेवावयाची ती त्याच दिवशी सकाळी आठच्या आत, आणि वर जाळी पसरावयाची, ती कावळ्यांसाठी. तेथला कावळा पिंडापाशी मानापमान करीत बसत नाही. त्यालाच आवरावे लागते.

एके दिवशी मी हौसेने पिशवी ठेवून आलो. संध्याकाळी पाहतो तो पिशवी जागच्या जागी, आणि तिच्यावर एक चिठ्ठी डकवलेली. आभाराची असावी, अशी माझी समजूत झाली. तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. वयाने माझ्याच बरोबरीच्या, पण नातवंडे त्यांना आजी म्हणत म्हणून मीही म्हणे. त्या कमरेत वाकल्या, त्यांनी क्षमा मागितली, आणि मग पिशवीतला विजेरीचा जुना सेल बोटाने दाखवला. चूक माझी, क्षमा त्यांची. पुण्यात मी आधी विचारले असते, रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांचा आहे?

‘हे लोक जन्मतःच असे,’ मी लेकीला म्हणालो. ती हसली आणि मला आजींकडे चहाला घेऊन गेली.

आजी वाढल्या त्या शेजारच्या कोतो विभागात. टोकियोचा बहुतेक कचरा त्या काळी कोतोच्या किनाऱ्यावर टाकीत. त्या जागेचे नाव ‘युमेनोशिमा’, म्हणजे स्वप्नांचे बेट! 1965 च्या उन्हाळ्यात तेथून माश्यांचे थवे उठले. आजी तेव्हा शाळेत होत्या. डबा उघडला की पांढरा भात बघता बघता काळा होई. ते बेट भरले, तशी पुढे समुद्रात नवी भर पडू लागली, आणि कचऱ्याच्या गाड्यांची रांग कोतोच्याच रस्त्यांतून. ज्या सुगिनामी विभागातून यांतल्या कित्येक गाड्या निघत, तेथील रहिवासी मात्र कचरा जाळण्याचा कारखाना आपल्या शेजारी होऊ देईनात. 1971 साली गव्हर्नर मिनोबे यांनी ‘कचऱ्याचे युद्ध’ पुकारले. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या गाड्या रस्त्यात उभे राहून अडवल्या. 1974 साली समेट झाला. 1982 साली सुगिनामीत कारखाना उभा राहिला. आता त्या स्वप्नांच्या बेटावर बाग आहे, आणि कचरा जाळून तापवलेल्या पाण्याच्या उबेवर तेथल्या काचघरात उष्ण प्रदेशातली झाडे वाढतात.

मला चहा गोड लागेना. (तो बिनसाखरेचाच होता, ही गोष्ट निराळी.) आपल्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी पडत आला. 2017 साली तेथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, त्या दिवसांत मी सदाशिव पेठेत नाकाला रुमाल लावून त्यांनाच आडमुठे म्हणत होतो. माझी केळ्याची साल कोणाच्या ताटाशेजारी जाऊन पडते, याची चौकशी मी जन्मात केली नव्हती. आणि शिस्त रक्तातच असावी लागते, असे एकदा म्हटले की आपली केवढी सोय होते पाहा!

निघण्याच्या दिवशी सकाळी शेवटची पिशवी मीच खाली नेली. आजी जाळीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पिशवी या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली, आणि कमरेत वाकल्या. मीही वाकलो. मान वर करून बघतो तो त्या वाकलेल्याच. म्हणून मी पुन्हा वाकलो. तेवढ्यात त्यांनी मान वर केली, मला वाकलेला पाहिले आणि त्याही पुन्हा वाकल्या. शेवटी लेकीने वरून हाक मारली, ‘बाबा, विमान चुकेल!’