दुखण्याचे माप कोणाच्या हाती?

(भवानीनगर येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

साखर कारखान्याच्या या गावात मापाचे महत्त्व मी सांगावे असे नाही. काट्यावर ऊस किती भरला, उतारा किती पडला, यावर येथला हंगाम चालतो. तोडणी कामगाराची मजुरीही टनावरच ठरते. मात्र ज्या पाठीवरून तो टन गाडीत चढला, तिने काय सोसले याची नोंद कोणत्याच वहीत नसते. आणि ती पाठ अपंगाची असेल तर?

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अवयवांचा तक्ता मांडला. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के घटली, एका हाताची चार बोटे गेली तर 50 टक्के. हक्क लेखी झाला, हे थोडे नव्हे. पण त्या तक्त्यात कोयता धरणाऱ्याचा अंगठा आणि कारकुनाचा अंगठा एकच! पुढे 2001 साली केंद्र शासनाने अपंगत्व-प्रमाणपत्रासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पायाच्या वेदनेसाठी जादा गुण ठेवले: सौम्य असेल तर 3, मध्यम असेल तर 6, तीव्र असेल तर 9. थकव्याला त्या यादीत जागाच नव्हती. 1995 च्या कायद्याने 40 टक्क्यांची रेघ ओढली आणि 2016 च्या कायद्याने ती कायम ठेवली. शासन आज अपंगांना 'दिव्यांग' म्हणते. नाव बदलण्यास खर्च लागत नाही. पण 39 आणि 40 यांच्यामध्ये नोकरीतील आरक्षण अडकलेले असते.

'दुखणे मनाचे, ते मोजायचे कसे?' असे विचारले जाते. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव 6 ते 20 अंकांत सांगण्याची पट्टी तयार केली. माणसाने सांगितलेला आकडा दहाने गुणला की तो निरोगी माणसाच्या नाडीच्या ठोक्यांजवळ येतो. म्हणजे 'मी दमलो' हे विधान कांगावा नव्हे. कृत्रिम पायावर चालणाऱ्याला तेवढ्याच अंतरासाठी अधिक शक्ती खर्चावी लागते. लहानपणी पोलिओ झालेल्या कित्येकांना वीस-तीस वर्षांनी नव्याने अशक्तपणा व थकवा येतो. प्रमाणपत्रावरचा आकडा मात्र जुनाच राहतो.

कॅनडातील रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदनेच्या शब्दांचीच प्रश्नावली केली. आपल्या बायाबापड्यांकडे शब्दांची वाण आहे काय? ठणका, कळ, चमक, सल, ठसठस, मुंग्या, आग, शीण — यांतला प्रत्येक वेगळे दुखणे सांगतो. तपासणीच्या टेबलावर या सर्वांचे 'दुखतंय' एवढेच होते.

आणखी एक अडचण आहे, ती आपण लपवू नये. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतलेली जोडी मुकादमापुढे दुखणे दडवते, कारण खाडा पडला तर पैसे कापले जातात. तेच माणूस तपासणी मंडळापुढे दुखणे सांगू लागले की त्याच्यावर ढोंगाचा संशय घेतला जातो. दोन्हीकडे माप दुसऱ्याच्या हाती.

म्हणून माझी सूचना लहान आहे. अर्ज भरून देताना कार्यकर्त्याने माणसाला सकाळी व संध्याकाळी, दोन्ही वेळा विचारावे: किती अंतर चाललात, कुठे बसावे लागले, रात्री झोप लागली का. असे पंधरा दिवस, त्याच्याच शब्दांत, तारखेनिशी लिहावे. बाईला नवऱ्यासमोर विचारू नये. तो कागद अर्जाला जोडावा, पोच घ्यावी, आणि नाकारला तर कारण लेखी मागावे. येत्या गाळपात तळावर जाणाऱ्यांनी वही सोबत न्यावी.