गोडीबरोबर येणारी ढाल



नाशिक-सांगलीकडचा द्राक्ष बागायतदार एका अवस्थेची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो. त्याच्या भाषेत तेव्हा मण्यात ‘पाणी उतरते’. कडक, आंबट मणी मऊ पडतो, आंबटपणा घटतो, साखर भरू लागते. साखर जिभेला कळते. तिच्याबरोबरच साठणारी प्रथिने मात्र कळत नाहीत, आणि आज मला बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

द्राक्षात प्रथिने एकूण थोडीच. पण पिकलेल्या मण्यात दोन कुळे ठळकपणे पुढे येतात: कायटिनेज आणि थॉमॅटिनसदृश प्रथिने. यातल्या कायटिनेजचे काम अगदी नेमके आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, ते हे विकर तोडते. वेलीच्या स्वतःच्या पेशीभित्तिकेत कायटिन नसतेच, त्यामुळे घाव बसतो तो परक्यावरच.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 1998 साली काँकर्ड जातीच्या द्राक्षांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. साखर वाढते तशीच ही प्रथिनेही वाढतात, आणि पिकत्या मण्यात असतात तेवढ्या प्रमाणातही ती करड्या बुरशीची वाढ रोखतात, असे त्यांना प्रयोगशाळेत आढळले. पिकल्या मण्याइतके ग्लुकोज सोबत असले, की हा प्रभाव जास्तीत जास्त 70 टक्क्यांनी वाढत होता. म्हणजे ज्या साखरेसाठी बुरशी येते, तीच साखर फळाच्या संरक्षकांना बळ देते! बी पक्के होईपर्यंत फळ राखायचे, आणि मग पाखरांना ते गोड लागले पाहिजे. वेलीने या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवल्या आहेत.

याच प्रथिनांना वाइन उत्पादक दोष मानतात. आम्लात ती टिकतात, किण्वनातूनही वाचतात. पुढे बाटली तापली, की त्यांची घडी उलगडते, ती एकमेकांना चिकटतात आणि पांढरी वाइन गढूळ होते. पिणाऱ्याला त्याने अपाय नाही, पण गढूळ बाटली विकत कोण घेणार? म्हणून वाइनमध्ये बेंटोनाइट नावाची माती घालतात. तिच्या कणांवर ऋण भार, प्रथिनांवर धन. ती मातीला चिकटून तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर थोडी वाइन आणि थोडा सुगंधही जातो.

ही ढाल अभेद्य नाही. भुरी रोगाच्या बुरशीत कायटिन असते, पण डाऊनी रोगाच्या जिवाची भित्तिका मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोजची. तिथे कायटिनेजचे फारसे चालत नाही. ओल्या हवामानात पिकलेला घडही करड्या बुरशीने सडतो. म्हणून या प्रथिनांच्या भरवशावर फवारणी सोडा, असे मी सांगणार नाही.

पण कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत आपल्या थॉम्पसन जातीच्या मण्यात साखर मोजता, तशी ही प्रथिनेही मोजा. फळ स्वतःचे रक्षण किती करते हे कळल्याशिवाय, आपण किती करायचे हे ठरवता येणार नाही.