नवी रात्रशाळा



ज्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे तेथे आपण सातवी शिकलेल्या माणसाला उभे केले आहे. विषय दिला आहे ‘इंटरनेट आणि रोजचे शिक्षण’. त्या यंत्राचा मी जाणकार नाही. पण त्याच्या भरवशावर मी एकदा एका माणसाचे नुकसान करून बसलो आहे. तेवढा अधिकार मला या विषयावर बोलण्यास पुरेसा वाटतो.

माझे वडील मुंबईत गिरणीत साचेवाले होते. आमच्या चाळीत संध्याकाळी एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि दहाजण ऐकत. मध्येच कोणी विचारी, ‘हे म्हणतो कोण? मालक की सरकार?’ त्याचे उत्तर मिळाल्यावाचून बातमी पुढे सरकत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला आणि माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत. तेथे एका कपाटात कायद्याची चारपाच पुस्तके असत. कपाटाला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीच्या खिशात. आपला हक्क वाचावयाचा, तर आधी किल्लीवाल्याची मर्जी सांभाळावी लागे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले झाले. आमच्यापैकी कोणाला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता. आज ते सबंध कपाट कामगाराच्या खिशात आले आहे, आणि त्याला कुलूप नाही. ही गोष्ट लहान नव्हे. पण कुलूप गेले म्हणजे वाचन आले, असे मात्र होत नाही. याचा दाखला माझाच देतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक सभासद, फिटर, आठ वर्षांची नोकरी सुटल्यावर माझ्याकडे आला. फंडाचे आणि पेन्शनचे काय करावे, असा त्याचा प्रश्न. त्याच सुमारास मोबाइलवर एक संदेश फिरत होता : पेन्शनचे पैसे ताबडतोब काढून घ्या, नाहीतर बुडतील. खाली ना नाव, ना तारीख. मी तो खरा मानला आणि पन्नासएक जणांना पुढे पाठविला, त्यालाही पाठविला. त्याने पैसे काढले. पुढे दुसऱ्या कारखान्यात तीन वर्षे काम केले आणि पाठीच्या दुखण्याने घरी बसला.

१९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा नियम असा होता, की अठ्ठावन्नाव्या वर्षी दरमहा पेन्शन हवी तर निदान दहा वर्षांची सेवा भरली पाहिजे. कमी भरली, तर दोन वाटा होत्या. एक, पैसे उचलून हिशेब मिटवावा. दुसरी, योजनेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि ती वर्षे पुढच्या नोकरीत जोडून घ्यावीत. आठ आणि तीन अकरा. पहिलीतले पोरही ही बेरीज करील. पण आठ पुसली गेली आणि हाती तीन उरली. पेन्शन लहानच असती, पण मरेपर्यंतची असती.

हा नियम भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर होता. म्हणजे त्याच मोबाइलमध्ये होता. तो पाहण्यास मला पाच मिनिटे लागली, पण ती पाच मिनिटे मी तीन वर्षे उशिरा दिली. तो गृहस्थ मला एवढेच म्हणाला, ‘दादा, तुम्ही काय मुद्दाम केलंत?’ शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

तेव्हापासून आम्ही दर शनिवारी संध्याकाळी कचेरीत बसतो. सातआठ माणसे, एक मोबाइल आणि एक वही. आमचे नियम चार आहेत. पहिला, प्रश्न आधी वहीत लिहावयाचा. प्रश्न हाती नसताना मोबाइल उघडला, की एकातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे पाहण्यात तास जातो आणि पदरी काही पडत नाही. दुसरा नियम चाळीतलाच : हे म्हणतो कोण? कायद्याची गोष्ट असेल, तर मूळ कलम काढून मोठ्याने वाचावयाचे. हल्ली प्रश्न टाकताच मराठीत उत्तर देणारी यंत्रेही निघाली आहेत. त्यांचा आम्ही उपयोग करतो, कठीण इंग्रजी सोपे करून घेतो. पण ती चुकीचे कलमही तितक्याच ऐटीत सांगतात, म्हणून मूळ पाहिल्यावाचून सही नाही.

तिसरा नियम, तारीख पाहावयाची. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि केंद्राचे २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्याआधीचे कित्येक व्हिडिओ आजही तितक्याच ठसक्यात जुना कायदा सांगतात. सांगणारा खोटा नाही, पण माल शिळा आहे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतात. आमच्या एका टर्नरने धातूंवरच्या नोंदी तेथेच वाचल्या आणि ज्या पोलादावर वीस वर्षे हात चालविला ते होते कसे, हे त्याला प्रथम कळले. पण पहिला खंड १९७६ चा. तेव्हा त्यातील तत्त्व घ्यावे आणि उत्पादनाचे आकडे मात्र नव्याने शोधावेत.

चौथा नियम, जे कळले ते आपल्या शब्दांत वहीत लिहून दुसऱ्याला सांगावयाचे. संहिता आल्यावर संदेश फिरू लागला, की आता एका वर्षात सर्वांना ग्रॅच्युइटी. पॅकिंग खात्यातील एका बाईंनी मूळ मजकूर काढला, शब्दाला शब्द लावून वाचला आणि सर्वांपुढे उभ्या राहून सांगितले : एका वर्षाची सवलत मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारांना आहे, कायम कामगारांची पाच वर्षांची अट तशीच आहे. कोणी त्या भरवशावर राजीनामा देण्याआधी हे कळले. त्या बाई चौथी शिकलेल्या आहेत. त्या दिवशी मला माझा फिटर आठवला.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. तेथे वही होती, सोबती होते आणि चुकले तर सांगणारे माणूस होते. मोबाइल आपल्याला ग्रंथ देतो; सोबती आणि चूक सांगणारे माणूस आपणच जमविले पाहिजे. आपल्या चाळीत, सोसायटीत, कारखान्याच्या गेटावर आठवड्याचा एक तास काढा. सुनेला आणि लेकीलाही बोलवा, कारण पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. किल्ली पुन्हा एकाच खिशात राहता कामा नये.

आणि नाव-तारीख नसलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी आठ आणि तीन किती होतात, ते एकदा आठवा.