उपचारापूर्वीचा गृहपाठ

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी शाळेच्या निकालाविषयी बोलतो. यंदा माझाच निकाल लागला आहे. गेल्या महिन्यात माझ्या जिभेच्या कडेवरील जखमेचा तुकडा तपासणीस पाठविला होता. तो कर्करोग निघाला. येत्या सोमवारी मला शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हायचे आहे. त्यानंतर माझे उच्चार आजच्यासारखे राहतीलच, अशी खात्री डॉक्टरांनी दिलेली नाही. म्हणून जीभ चालते आहे तोवर चार गोष्टी तुमच्यासमोर बोलाव्यात, असे वाटले.

पहिली गोष्ट कबुलीची. दोन वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाच्या खिशात मला तंबाखूची पुडी सापडली. मी त्याला वर्गासमोर उभे केले, पालकांना बोलावून घेतले. त्याच संध्याकाळी रोहा स्थानकावर पेणच्या गाडीची वाट पाहताना मी तीच पुडी उघडली. कॉलेजपासूनची ही सवय मी घरीही लपविली आणि शाळेतही. तो मुलगा आज या सभागृहात बसला आहे. बाळ, त्या दिवशी दोषी आपण दोघे होतो; शिक्षा मात्र एकट्या तुला झाली. मी सर्वांसमक्ष तुझी माफी मागतो.

दुसरी गोष्ट दिरंगाईची. जखम जूनमध्ये दिसली. दुखत नव्हती, म्हणून दुकानातून मलम आणून दिवाळीपर्यंत लावीत राहिलो. तोंडातील जखम, पांढरा वा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि दवाखान्याची पायरी चढणे निराळे. तुकडा काढला की रोग पसरतो, असे सांगणारेही भेटले. ते खरे नाही. तुकडा तपासल्याशिवाय रोगाची खात्री होत नाही. तसेच एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही. माझी धाकटी मुलगी माझ्या ताटातला घास घेऊ लागली, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी तिचा हात धरला, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता तयारीविषयी. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे टाटांच्या विश्वस्तनिधीतून परळचे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. त्याचेच एक केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा पेण-रोह्याच्या माणसाला 'मुंबई दूर' ही सबब उरलेली नाही.

जाताना जुने सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. तुकड्याची काचपट्टी आणि मेणातला ठोकळा पहिल्या प्रयोगशाळेतून मागून घ्यावा. तो पुन्हा तपासतात. रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटावे. मुंबईत राहण्याची सोय नसेल तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हकीम-वैद्यांची चालू औषधे, काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. तोंडाला किरणोपचार लागणार असतील तर दात आधी तपासून घ्यावेत. नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड लवकर भरत नाही. तंबाखू आजच सोडावी. निदान झाल्यावर सोडण्याचाही उपयोग होतो. आणि रमजान आला तर आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा धर्मानेच दिलेली आहे, हे घरातील मंडळींनी लक्षात ठेवावे.

मी एक वही केली आहे. तीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहितो. पहिला प्रश्न, 'पुन्हा शिकवता येईल का?' उत्तर मिळाले, 'वेळ लागेल, बोलण्याचा सराव करावा लागेल.' सराव हा शब्द शिक्षकाला परका नाही. दहावीचा इतिहास मी पूर्ण करून ठेवला आहे. उजळणी सहकारी घेतील.

पालकांना एक विनंती. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण मुलाला पुडी आणायला पाठविणारा हात आपलाच असतो. श्रीवर्धनची सुपारी आपल्या जिल्ह्याचे भूषण खरे, परंतु तंबाखूशिवाय नुसती सुपारी चघळल्यानेही तोंडाचा कर्करोग होतो, हे आता सिद्ध झाले आहे. पाहुण्यापुढे तबक ठेवताना एवढे आठवावे.

विद्यार्थी मित्रांनो, मी परत येईन तेव्हा कदाचित माझे शब्द अडखळतील. हसू आले तर हसा, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा. तुम्ही पहिलीत वाचायला शिकताना आम्हीही असेच थांबलो होतो.

सर्वांनी दुआ करावी. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.

— एक सहाय्यक शिक्षक, बी.ए., बी.एड.