ठठ लिहा, ठराव उमटेल



रेल्वेच्या ई-तिकिटावर आपल्या पूर्णेच्या नावाजवळ तीन इंग्रजी अक्षरं असतात, पाहिलीत का? पी ए यू. परभणीला पी बी एन, नांदेडला एन ई डी. रेल्वेवाल्यांना तीच नावं दिवसभर लागतात, मग दर वेळी लांबलचक कशाला लिहायची? आपल्या गटाच्या कॉम्प्युटरलाही अशा खुणा शिकवता येतात, आणि त्याला इंजिनिअर लागत नाही.

आम्हाला हे का शिकावं लागलं ते आधी सांगतो. कर्जाच्या कागदांसाठी आम्ही सगळ्या सदस्यांची नावं दर वेळी नव्याने टाईप करायचो. एकदा तीन कागदांवर एकाच ताईचं आडनाव तीन तऱ्हेचं पडलं. बँकेतून कागद परत आले. पेरणी तोंडावर, आणि तिचे पैसे लांबले. चूक आमची होती. ती आम्हाला एका शब्दाने बोलली नाही, म्हणून जास्तच लागलं.

तर पहिली युक्ती नावांची आणि ठरावांची. वर्ड उघडा. फाईल, मग ऑप्शन्स, मग प्रूफिंग, आणि तिथे ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. 'रिप्लेस' लिहिलेल्या चौकोनात आपली छोटी खूण लिहायची, 'विथ'च्या चौकोनात पूर्ण मजकूर. मग ॲड, मग ओके. आम्ही खूण ठेवली 'ठठ' आणि मजकूर, 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' आता ठठ लिहून स्पेस दिली की अख्खं वाक्य उमटतं. पहिल्यांदा उमटलं तेव्हा आमच्यातली एक जण दचकून मागे सरकली!

त्या खिडकीच्या माथ्यावर भाषेचं नाव असतं, तेवढं बघा. तिथे इंग्रजी असेल तर तुमची खूण इंग्रजीच्या यादीत जाते आणि मराठी लिहिताना चालत नाही. मराठी कीबोर्ड लावून, मराठीत दोन शब्द लिहून मगच ती खिडकी उघडा.

आणि खूण म्हणून रोजचा शब्द घेऊ नका. आम्ही आधी 'गट' हीच खूण ठेवली होती. मग काय, जिथे गट लिहावं तिथे गटाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं हजर. असं नको तिथे झालं तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा, आपण लिहिलेलं परत येतं.

दुसरी युक्ती हिशोबाच्या फोल्डरची. फोल्डरवर माऊसचं उजवं बटण दाबून त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर पाठवा. त्या शॉर्टकटवर पुन्हा उजवं बटण, प्रॉपर्टीज, आणि 'शॉर्टकट की'च्या चौकोनात फक्त एच दाबा, हिशोबाचा एच. कॉम्प्युटर स्वतःच कंट्रोल, ऑल्ट आणि एच असं लिहून घेतो. ओके केलं की ही तीन बटणं एकत्र दाबल्यावर हिशोब समोर. फक्त तो शॉर्टकट डेस्कटॉपवरच राहू द्या. उचलून दुसऱ्या फोल्डरात टाकला की बटणं ऐकत नाहीत. इन्स्क्रिप्टवर लिहिणाऱ्यांनो, एचच्या जागी तुमचा प असतो, बरं का. बटणावरचं इंग्रजी अक्षर बघून दाबा.

चारचा आकडा मात्र अशा कामाला घेऊ नका. भारतीय इंग्रजी कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट आणि चार दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं, २०१० साली सरकारने स्वीकारलेलं. हिशोबात ते लागतंच.

आता सांभाळायचं काय? खुणेत चूक भरली तर कॉम्प्युटर तीच चूक प्रत्येक कागदावर इमानाने छापतो. आधार नंबर, एटीएमचा पिन, पासवर्ड खुणेत कधीच भरायचे नाहीत. त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कुणालाही ते दिसतील. या खुणा ज्या कॉम्प्युटरवर केल्या तिथेच राहतात. बाजारातल्या सेंटरवर जाऊन ठठ लिहिलंत तर ठठच छापून येईल.

सदस्यांची नावं भरायला आम्ही एक अख्खी बैठक घेतली. प्रत्येकीने आपलं बँक पासबुक आणलं, पडद्यावरचं नाव पासबुकाशी ताडून पाहिलं. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने अक्षर अक्षर वाचून दाखवलं. ज्या ताईचे पैसे लांबले होते तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं, मग म्हणाली, "आता दाब."