एका गोळ्यात दोन ट्रान्समीटर



१७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने ‘व्हॅन्गार्ड-१’ हा उपग्रह सोडला. ॲल्युमिनियमचा गोळा, व्यास साडेसोळा सेंटिमीटर, वजन जेमतेम दीड किलो. त्यात दोन ट्रान्समीटर होते. एक पाऱ्याच्या बॅटरीवर चालणारा, दुसरा गोळ्याच्या अंगावर बसवलेल्या सहा सौरघटांवर.

बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगाला दाखवला तो १९५४ साली. म्हणजे तंत्र अवघं चार वर्षांचं. उपग्रहाचं काम नौदलाकडे होतं आणि न पारखलेली वस्तू वर पाठवायला तिथले लोक कचरत होते. लष्कराच्या सिग्नल विभागातले हान्स झीगलर मात्र हटून बसले. बॅटरी संपली की एवढ्या कष्टाने वर नेलेला उपग्रह मुका होणार, हे त्यांना दिसत होतं. अखेर दोन्ही बसवायचं ठरलं, आणि हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. नवं आणि जुनं एकाच गोळ्यात, एकाच उन्हाथंडीत! याहून चोख परीक्षा कोणती?

बॅटरीवरचा ट्रान्समीटर लवकरच थांबला. सौरघटांवरचा, ताकद फक्त पाच मिलिवॅट, १९६४ पर्यंत बोलत राहिला. त्याच्या संदेशांवरून उपग्रहाचा मार्ग इतका बारकाईने मोजता आला की, पृथ्वी ध्रुवांकडे नुसती चपटी नाही, तर किंचित पेअर फळाच्या घडणीची आहे, हेही उमगलं.

अशी परीक्षा जमिनीवर पुरती होत नाही. पृथ्वीजवळचा उपग्रह दीड तासात एक फेरी मारतो, त्यातला अर्धा तास सहसा अंधारात जातो. वर्षभरात बॅटरी पाच हजारांहून अधिक वेळा भरते आणि उतरते. तापलेल्या भागाला निववायला वारा नसतो. आणि वजनरहित अवस्थेत पाणी खाली ओघळत नाही.

पाण्याची ही अडचण इस्रोच्या एका प्रयोगात ऐरणीवर आली. १ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्सपोसॅट’ हा उपग्रह सोडल्यावर पीएसएलव्ही या अग्निबाणाचा चौथा टप्पा ३५० किलोमीटर उंचीवर आणून ‘पोएम-३’ नावाने प्रयोगांसाठी वापरला गेला.  त्यावर होता विक्रम साराभाई अवकाश केंद्राचा फ्युएल सेल. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून त्याने १८० वॅट वीज दिली. मागे उरलं ते निव्वळ पाणी, आणि न ओघळणारं हेच पाणी बाहेर काढणं ही खरी परीक्षा.

चाचणी थोड्या वेळाची होती. आता ती लांबवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. कारण चंद्रावरची रात्र असते आपल्या चौदा दिवसांची. चांद्रयान-३ चे विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हर त्या रात्रीनंतर जागे झाले नाहीत. त्यांची रचनाही एका चांद्रदिवसापुरतीच होती. दिवसा सूर्याच्या विजेने पाणी फोडायचं, रात्री त्यातून निघालेल्या वायूंपासून फ्युएल सेलने वीज घ्यायची, हे चक्र जमलं तर पुढच्या यानाला ती रात्र काढता येईल.