गरम इंजिन, गार हवा



सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स गाडीत
इंजिनात जाणारी हवा गार करणारा इंटरकूलर
थेट इंजिनाच्या वर बसवलेला असतो.

गाडी धावते,
तेव्हा बॉनेटवरच्या झरोक्यातून वारा आत येतो.
इंटरकूलर गार राहतो.

गाडी सिग्नलला थांबली,
की वाराही थांबतो.
खालची धग वर चढते.
आत जाणारी हवा तापते, विरळ होते.
गाडीचा जोर कमी पडतो.

आता इंटरकूलरची हवा वाहून नेणाऱ्या पाइपांकडे वळू.
जुना रबरी पाइप उष्णतेने कडक होतो.
क्लॅम्पपाशी त्याला चिरा पडतात.
सिलिकॉनचा पाइप उष्णता जास्त सोसतो.
दाबाखाली कमी फुगतो.

पण लक्षात ठेवा,
नवा पाइप हवा गार करत नाही.
ते काम वाऱ्याचं.

पाइप बदलताना
क्लॅम्प नीट आवळून घ्या.
आणि पाइप बदलला, तरी सिग्नल सुटल्यावर
लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका.
आधी वारा लागू द्या,
मग वेग घ्या.